दुपारी चारनंतर अंगातला जोर जातो कुठे? रोजच्या सवयींबद्दल बोलूया

पारिजातक

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस मनात होतं, आज लिहूनच काढते. आमच्या ऑफिसात दुपारचे चार वाजले की अख्खा मजला मलूल होतो. कोणी जांभया देतंय, कोणी डोळ्यांवर पाणी मारून येतंय, कोणी चहावाल्याला पुन्हा हाक मारतंय. सगळ्यांचं काम खुर्चीत बसून. कुणी ओझी उचललेली नाहीत की उन्हात उभं राहिलेलं नाही. तरी घरी पोचेपर्यंत अंगात त्राण उरत नाही, आणि आम्हा बायकांची तर पुढची पाळी तेव्हा कुठे सुरू होणार असते.

यावर लोक एकमेकांना जे सल्ले देतात ते ऐकून मला खरंच चीड येते. 'जरा ॲक्टिव्ह राहा', 'पॉझिटिव्ह विचार कर', 'पहाटे उठत जा'. जणू थकणं हा स्वभावाचा दोष आहे! माझं मत असं की आपला बराचसा जोर दिवसाच्या मांडणीत खर्च होतो. कधी खाल्लं, चहा कधी घेतला, किती झोपलो, डोक्यात किती गोष्टी अर्धवट उघड्या ठेवल्या. ही मांडणी थोडीफार तरी आपल्या हातात असते, आणि जिथे नसते तिथे निदान स्वतःला बोल लावणं थांबवता येतं.

माझ्यापुरतं सांगते. सकाळी आठच्या आत मुगाचं धिरडं, नाहीतर मोड आलेल्या मटकीची उसळ आणि एक पोळी. नुसत्या चहा-बिस्किटांवर निघालं की साडेदहालाच हात थरथरल्यासारखे होतात, या खाण्यावर जेवणापर्यंत काही आठवण होत नाही. पोहे आमच्याकडे होतातच, पण शेंगदाणे सढळ हाताने आणि सोबत वाटीभर दही. नुसते पोहे, साबुदाणा, ब्रेड पटकन पचतात आणि पटकन भूक लावतात. डाळ, दही, अंडं असं काही जोडीला असलं की सगळं सावकाश चालतं.

दुसरं म्हणजे डबा खाल्ल्यावर इमारतीभोवती दहा-पंधरा मिनिटं चालते. जेवणानंतर पाय हलले की रक्तातली साखर स्नायू वापरून टाकतात, त्यामुळे डोळ्यांवर येणारी झापड बरीच कमी होते. पूर्ण जात नाही. दुपारची ही उतरण शरीराच्या घड्याळातच आहे, न जेवलेल्या माणसालाही ती येते. तिच्यावर जड जेवण आणि अपुरी झोप चढली की मग मान टाकायची वेळ येते.

जोर खाणाऱ्यांमध्ये माझ्या मते पहिला नंबर रात्री अंथरुणात फोन बघण्याचा. सोसायटीच्या ग्रुपवर पाण्याच्या टँकरवरून रात्री अकराला सुरू झालेलं भांडण वाचून झोप कशी येणार?

तुमच्या दिवसात काय जोर देतं आणि काय खातं, ते सविस्तर लिहा. सल्ल्यापेक्षा अनुभव आणि कारण दोन्ही आलं तर फार उपयोग होईल.

लोकलवाली

छान धागा. बदलापूरहून रोज सीएसएमटी करणाऱ्या बाईने लिहायलाच हवं.

प्रवासात जोर जातोच, त्याला इलाज नाही. पण आमच्या डब्यातल्या बायकांनी एक रीत लावून घेतलीय ती सांगते. चढताना जिला जागा मिळाली ती ठाण्याला उठते आणि उभी असलेलीला बसवते. चौथ्या सीटवर अर्धं टेकण्यापेक्षा हे फार बरं. अर्धा रस्ता का होईना पाठ टेकून बसता येतं, आणि उभं राहतानाही आपली पाळी येणार हे माहीत असतं म्हणून चिडचिड होत नाही. ही सोय कोणत्याही रेल्वेने दिलेली नाही, बायकांनी आपापसात ठरवून चालवलेली आहे.

येताना निम्म्या जणी भाजी निवडतात. मेथी, गवार, मटार सोलणं. मला विचाराल तर त्यातून जोर येतोच. हात चालू, गप्पा चालू, घरी पोचल्यावर फक्त फोडणी टाकायची. याउलट ज्या दिवशी संपूर्ण रस्ता मोबाईलवर रील बघत येते, त्या दिवशी बसून आले तरी डोकं जड होतं. डोळे मिटून बसणं सगळ्यात उत्तम. मुलुंडपासून पुढे मी कुणाशीच बोलत नाही आणि मैत्रिणींना ते माहीत आहे.

खांद्यावरच्या पर्सचं वजन कमी करा, हाही एक सल्ला. डबा, पाण्याची बाटली, छत्री, चार्जर, औषधं... एका खांद्यावर हे घेऊन दीड तास उभं राहिलं की मान धरणारच. मी पाठीवरची सॅक घेतली. गर्दीत पुढे घ्यावी लागते, पण दोन्ही खांद्यांवर भार वाटला जातो.

कडुनिंब

मी तालुक्याच्या गावी बरीच वर्षं दवाखाना चालवतो. या विषयावर रोज बोलावं लागतं म्हणून जरा लांबण लावतो.

'डॉक्टर, अशक्तपणा आलाय, एक सलाईन लावा' हे वाक्य ऐकल्याशिवाय माझा दिवस जात नाही. सुगीच्या आधी, लगीनसराईनंतर, तर रांग लागते. म्हणून त्या बाटलीत काय असतं ते सांगतो. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते. म्हणजे घरातले पाच-सहा चमचे. बाकी पाणी, आणि काही प्रकारांत मीठ. त्यात जीवनसत्त्वांचं एक इंजेक्शन सोडलं की पिवळा रंग येतो आणि पेशंटला ताकदीचं औषध मिळाल्यासारखं वाटतं. जुलाब-उलट्यांत, तोंडाने काही जात नसेल तर सलाईन जीव वाचवतं, त्याबद्दल वादच नाही. पण चालत आलेल्या, जेवत असलेल्या माणसाला त्यातून जे मिळतं ते लिंबू सरबतातून मिळतं. बरं वाटतं ते बहुधा तासभर पंख्याखाली आडवं पडायला मिळाल्यामुळे. आमच्याकडच्या कित्येक बायांना दिवसा आडवं पडायची परवानगी फक्त दवाखान्यातच असते, हे मी पाहत आलोय.

आता मुद्द्याचं. सवयी बदलण्याआधी तपासून घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. महाराष्ट्रातही निम्म्याहून जास्त. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या आत आणि पुरुषाचं १३ च्या आत असेल तर तो रक्तक्षय. पण आकडा १२ च्या वर असूनही थकवा असू शकतो, कारण लोहाचा साठा आधी संपतो आणि हिमोग्लोबिन नंतर उतरतं. नळाला पाणी येतंय म्हणून टाकीत किती उरलंय ते कळत नाही, तसं हे आहे. हा साठा फेरिटिन नावाच्या तपासणीत दिसतो. पाळी जास्त जात असेल, केस गळत असतील, जिना चढताना धाप लागत असेल तर ती जरूर करा.

दुसरं, बी-१२. हे जीवनसत्त्व दूध, दही, अंडी, मांस, मासे यांतच मिळतं. भाजीपाल्यात नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी परिसरातल्या खेड्यांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास केला, त्यात निम्म्याहून जास्त जणींचं बी-१२ कमी निघालं. शाकाहारी घरात दूध मुलांना आणि पुरुषांना, उरलं तर चहात, अशी वाटणी असते. पायाला मुंग्या, जिभेची आग, विसराळूपणा आणि थकवा असा मेळ दिसला की मी आधी बी-१२ बघतो. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल, किंवा ॲसिडिटीची गोळी रोज घेत असाल, तरी ते कमी होतं.

थायरॉइड आणि साखर हेही त्याच रक्तात बघून घ्यायचं. आणि घोरणाऱ्यांबद्दल सवडीने लिहितो, पेशंट आलेत.

गवतीचहा

सलाईनचं शंभर टक्के खरं. माझी आजी वर्षाला दोन लावून घेते म्हणजे घेतेच. तुमची पोस्ट तिला वाचून दाखवणार आहे.

तिसरी_पाळी

वाळूजला कंपनीत आहे. दर आठवड्याला पाळी बदलते, त्यामुळे जोर जाणं म्हणजे काय ते मला विचारा.

रात्री अकरा ते सकाळी सात. एक-दीडपर्यंत काही वाटत नाही. साडेतीन ते पाच हा वेळ सगळ्यात वाईट. शरीराचं तापमान तेव्हा सगळ्यात खाली उतरलेलं असतं, थंडी वाजते, मशिनचा आवाज लांबून आल्यासारखा वाटतो. चुका तेव्हाच होतात, बोटं तेव्हाच सापडतात. आमच्या लाइनवर जुने लोक त्या वेळेला मोजमापाचं किंवा हातोहात उभं राहून करायचं काम काढतात, एकट्याने एका जागी बसायचं काम कुणाला देत नाहीत. हे कुठल्या ट्रेनिंगमध्ये सांगितलेलं नाही, पण यासारखा उपाय नाही.

खाण्याचं असं, की रात्री अकराच्या आत घरून पोटभर जेवून जायचं. मधल्या सुट्टीत कॅन्टीनचा भात-आमटी टाळायची, त्या वेळी पोट काम करत नाही, आंबट ढेकर आणि झोप दोन्ही येतात. मी मूठभर फुटाणे, गूळ आणि एक केळं नेतो. चहा दोनपर्यंत. त्यानंतर घेतला की सकाळची झोप गेली.

घरी येताना उन्हं डोळ्यांवर आली की शरीर समजतं दिवस सुरू झाला. म्हणून टोपी आणि काळा गॉगल. खोलीच्या खिडकीला जाड काळं कापड, आणि दारावर बेल बंद केल्याची चिठ्ठी. बायकोने शेजारपाजारी सांगून ठेवलंय, त्याने जेवढा फरक पडला तेवढा गोळ्यांनी पडला नसता. आणि एक कळकळीचं सांगणं: रात्रपाळी करून टू-व्हीलरवर जाऊ नका, कंपनीची बस असेल तर तीच धरा.

पाळ्या पहिली, मग दुसरी, मग तिसरी अशा पुढे सरकत गेल्या तर शरीर त्यातल्या त्यात जुळवून घेतं. उशिरा झोपणं जमतं, लवकर झोपणं जमत नाही. आमच्याकडे काही खात्यांत हे उलट लावतात. कुणी एचआरमध्ये असेल तर कृपा करून एवढं बघा.

ओसरी

तिसरी_पाळी, पोस्ट फार आवडली. जपून राहा.

मला चहाबद्दल विचारायचंय. सगळेच चहावर घसरलेत. दिवसाला चार-पाच कप म्हणजे खूप आहे का? चहा सोडणं मला जमणार नाही आणि सोडायचाही नाही, हे आधीच सांगते.

अर्धाकप

ओसरीताई, सोडायची गरज नाही. मी फार्मसी शिकवतो, जमेल तसं सांगतो.

जागेपणी मेंदूत ॲडेनोसिन नावाचा पदार्थ साठत जातो. तो जितका साठेल तितकी झोप दाटून येते. तो जिथे जाऊन बसतो त्या जागा कॅफिन अडवतं. म्हणजे थकवा कमी होत नाही, फक्त त्याची खबर मेंदूला मिळत नाही. कॅफिन उतरलं की साठलेलं सगळं एकदम कळतं, म्हणून 'चहा उतरला की जास्तच गळून जायला होतं' ही तक्रार अगदी रास्त आहे.

पोटात गेलेल्यापैकी निम्मं कॅफिन बाहेर पडायला साधारण पाच तास लागतात. माणसागणिक हे कमीजास्त होतं, गरोदरपणात बरंच लांबतं. म्हणजे सहाला घेतलेल्या चहातलं निम्मं अकराला अंगातच. 'मला चहाने झोप जात नाही' म्हणणाऱ्यांना झोप लागते हे खरं, पण ती उथळ लागते, आणि सकाळी उठल्यावर पहिली आठवण चहाचीच होते. हे चक्र मोडायचं तर शेवटचा चहा दुपारी तीनच्या आसपास. संध्याकाळी पाहुण्यांसोबत काही हवंच तर गवती चहा-आल्याचा काढा चहापत्तीशिवाय. किंवा कोकम.

प्रमाणाचं म्हणाल तर हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यात दिवसाला ३०० मिलिग्रॅम कॅफिनची मर्यादा सांगितलीय. १५० मिलिलिटर चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम असतं. पाच कप कडक चहा म्हणजे तुम्ही मर्यादेच्या तोंडाशी. टपरीवरचं कटिंग घेत असाल तर निम्मंच. त्यात साखर किती जाते तेही एकदा मोजा, कारण कपाला दोन चमचे धरले तर पाच कपांत दहा चमचे होतात, आणि ते कुणी जेवणात धरत नाही.

आणखी एक, याच तत्त्वांत आहे: जेवणाआधी आणि नंतर तासभर चहा-कॉफी नको. चहातले टॅनिन भाजी-डाळीतलं लोह धरून ठेवतात, ते अंगाला लागत नाही. कडुनिंब डॉक्टरांनी सांगितलेला रक्तक्षय आणि आपली जेवल्यावर लगेच चहा घ्यायची पद्धत यांचा थेट संबंध आहे. उलट ताटात लिंबाची फोड असेल तर लोह जास्त शोषलं जातं. आपल्या ताटाच्या डाव्या बाजूला ती असतेच, फक्त पिळायची विसरू नका.

कृष्णाकाठ

ऊस आणि थोडी हळद करतो. इथं सगळी ऑफिसवाली मंडळी दिसतात, म्हणून शेताकडचं लिहितो.

कामानं माणूस दमतो, पण ते दमणं वेगळं. दिवसभर सरी पाडली, भांगलण (तण काढणं) केली की रात्री भाकरी खाऊन पडल्या पडल्या झोप, सकाळी अंग मोकळं. आमचा जोर जातो तो वाट बघण्यात. डीपी (शेताचा ट्रान्सफॉर्मर) जळला की वायरमनची वाट, तोडीला ऊस आला की टोळीची वाट, फेरफारासाठी तलाठ्याची वाट. हाताला काम नाही पण जागा सोडून जाता येत नाही. असा एक दिवस गेला की आठवडाभर भांगलण केल्यागत वाटतं.

आणि रात्रीचं पाणी. शेतीच्या लाइटच्या पाळ्या असतात, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की बारा-एकला उठून बॅटरी घेऊन मोटर चालू करायची आणि दारं धरायची, म्हणजे एकेका सरीत पाणी वळवायचं. उसात पाऊल टाकताना जनावराची भीती, आता तर बिबट्याचीही. गुडघाभर गार पाण्यात पहाटेपर्यंत. मग सकाळी धारा काढायच्या आहेतच. तिसरी_पाळी भाऊंना निदान सकाळी झोपायला मिळतं, आमचा दिवस तसाच पुढं चालू. आता आमच्या फिडरला (गावाच्या वीजवाहिनीला) सौर प्रकल्प जोडला आणि दिवसा लाइट यायला लागली. सांगतो तुम्हाला, गावातल्या माणसांचे चेहरे बदलले. दिवसा वीज देणं ही नुसती शेतीची गोष्ट नाही, झोपेची आहे. प्रत्येक फिडरला ही लवकर मिळावी.

खाण्यात म्हणाल तर सकाळी चहा-भाकरी, दहाला न्याहारी घेऊन बांधावर: ज्वारीची भाकरी, झुणका नाहीतर हुलग्याचं माडगं, कांदा, ठेचा, आणि ताक. ताक नसेल तर दुपारी उन्हात डोकं दुखतंच. उन्हाळ्यात मीठ घातलेलं ताक तांब्याभर पिल्याशिवाय आमची आई कुणाला शेतात पाठवायची नाही. आणि दुपारी आंब्याखाली घटकाभर पाठ टेकायची. घटकाभरच, जास्त झोपलं की अंग आंबतं.

पारिजातक

कृष्णाकाठ दादा, वाट बघण्याचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता आणि तो किती खरा आहे! ऑफिसातही सगळ्यात गळून जायला होतं ते साहेबांच्या सहीसाठी बसून राहिलेल्या दिवशी.

कडुनिंब

दुपारच्या 'घटकाभर' झोपेला माझी पूर्ण संमती. वीस मिनिटं, फार तर अर्धा तास. त्याहून जास्त झाली की गाढ झोपेत शिरतो आणि मधूनच उठावं लागलं तर तास-दीड तास जडपणा जात नाही.

हिरवा_माठ

पारिजातक, तुमचं सगळं पटलं, पण एक गोष्ट कुणी बोललं नाही. खाणं-झोपणं ठीक आहे, माझा सगळ्यात जास्त जोर जातो तो लक्षात ठेवण्यात.

गॅस कधी लावला, दूधवाल्याचे किती खाडे झाले, धाकटीच्या शाळेत शुक्रवारी पिवळे कपडे, सासऱ्यांची बीपीची पट्टी संपत आलीय, पाहुणे येणार तर डाळ भिजवायची. यातलं एकही काम जड नाही. पण हे दिवसभर डोक्यात चालू असतं आणि ते कुणाला दिसत नाही. नवरा म्हणतो, 'सांग ना, करतो की मी.' तो करतोही. पण सांगायचं लक्षात ठेवणं माझ्याकडेच राहतं.

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर पाहणीत घरकामाला बायकांचे दिवसाला २८९ मिनिटं आणि पुरुषांचे ८८ मिनिटं जातात असं आलं. आणि ही जे घरकाम करतात त्यांचीच सरासरी आहे, न करणारे पुरुष त्यात धरलेलेच नाहीत. शिवाय लक्षात ठेवण्याची मिनिटं कोणत्याच रकान्यात येत नाहीत. अशा बाईला 'सकाळी लवकर उठून प्राणायाम कर, फ्रेश वाटेल' म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

दोन_पोळ्या_गरम

हिरवा_माठ, पूर्ण अनुमोदन. पुरुष म्हणून आमच्या घरी काय केलं ते लिहितो.

आम्ही कामं वाटायचं सोडून खाती वाटली. औषधं, डॉक्टर, विमा आणि संध्याकाळचं जेवण माझ्याकडे. म्हणजे भाजी काय करायची हे ठरवणं, ती आणणं, संपत आली हे कळणं, सगळं. बायको त्यात विचारतही नाही. सुरुवातीला एखाद्या दिवशी पिठलं-भातच व्हायचा आणि तिने त्यावर बोलायचं नाही असं ठरलं होतं, ते तिने पाळलं. ते फार महत्त्वाचं आहे. वाणसामानाची यादी फ्रिजवर, जो डबा रिकामा करेल त्याने लिहायचं, मुलांनीसुद्धा.

बायको सांगते की संध्याकाळी ऑफिसातून निघताना 'आज काय करू' हा विचार येत नाही, तेवढ्यानेच घरी येणं हलकं होतं.

उत्तररात्र

स्टॉकहोमहून लिहितोय. धाग्यात उन्हाचा विषय आला म्हणून.

इथे डिसेंबरात सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि तीनच्या आत मावळतो. ऑफिसात अंधारात जायचं, अंधारात यायचं. पहिल्या हिवाळ्यात वाटायचं अंगात शिसं भरलंय. झोप दहा तास घेतली तरी उठवत नाही, सारखं गोड खावंसं वाटतं. इथल्या लोकांनी सांगितलं ते दोन उपाय: सकाळी अर्धा तास दहा हजार लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) दिव्यासमोर बसायचं, आणि जेवणाच्या सुट्टीत काहीही हवा असो, बाहेर चालायचं. डी जीवनसत्त्वाची गोळीही डॉक्टरांनी दिली, आपल्या सावळ्या त्वचेत ते सावकाश तयार होतं.

यामागचं विज्ञान तिकडेही लागू आहे. घरात ट्यूबलाइटखाली प्रकाश फार तर काहीशे लक्स असतो, बाहेर ढगाळ दिवशीसुद्धा काही हजार. आपल्या पेशींतलं घड्याळ सकाळच्या प्रकाशाने रोज जुळवलं जातं. हे घड्याळ पेशींच्या आत कसं चालतं ते शोधल्याबद्दल हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना २०१७ चं नोबेल मिळालं. सकाळी प्रकाश मिळाला की रात्रीची झोपही वेळेवर लागते.

पुण्या-मुंबईत इतकं ऊन असून माणसं पडदे लावलेल्या घरातून झाकलेल्या गाडीत आणि तिथून एसी ऑफिसात जातात. मला इथून ते बघून फार हळहळ वाटते. सकाळी दहा मिनिटं गॅलरीत उभं राहून चहा घ्या, तेवढं पुरे.

पिंपळपार

मी पहाटे साडेचारला उठतो. गेली बरीच वर्षं. सगळ्या प्रश्नांचं उत्तर लवकर उठण्यात आहे असं माझं ठाम मत. आपल्या पूर्वजांनी ब्राह्ममुहूर्त उगाच सांगितला नाही.

कडुनिंब

पिंपळपार काका, तुम्ही रात्री किती वाजता झोपता?

पिंपळपार

साडेनऊ. टीव्ही नाही, फोन हॉलमध्ये.

कडुनिंब

मग तुमचे सात तास पुरे होतात, म्हणून तुम्हाला पहाट मानवते. माझ्याकडे येणारे रात्री साडेबाराला झोपून पाचचा गजर लावतात आणि महिन्याभरात डोकेदुखी घेऊन येतात. मोठ्या माणसाला किमान सात तास हवेत. पूर्वज लवकर उठत हे खरं, पण कंदिलाच्या उजेडात ते झोपतही लवकर. घ्यायचं तर दोन्ही घ्यावं.

आणि प्रत्येकाचं घड्याळ सारखं नसतं. वयात येणाऱ्या मुलांची झोप आपोआप पुढे सरकते, ते त्यांचे लाड नव्हेत. सातच्या शाळेसाठी साडेपाचला उठवलेलं दहावीचं पोर पहिल्या दोन तासांना डोळे उघडे ठेवून झोपलेलं असतं. राज्य सरकारने २०२४ मध्ये चौथीपर्यंतच्या शाळा नऊच्या आधी भरवू नयेत असं सांगितलं, ते स्वागतार्हच. खरी गरज मोठ्या मुलांना जास्त आहे.

आता घोरण्याचं राहिलं होतं. झोपेत घोरता घोरता श्वास थांबणं, मग दचकल्यासारखा मोठा श्वास, आणि दिवसा बसल्या जागी डुलकी, हे तिन्ही असेल तर तो झोपेतल्या श्वासाचा आजार असू शकतो. घसा बंद होतो, प्राणवायू कमी पडतो, मेंदू पुन्हा पुन्हा जागं करतो. माणसाला सकाळी आठवत नाही. त्याला वाटतं आठ तास झोपलो. वजन, रक्तदाब, जाड मान यांच्यासोबत हे जास्त दिसतं. अशा माणसाला चहा, च्यवनप्राश, योगासनं सगळं करूनही ताजं वाटत नाही, कारण झोपच होत नाही. त्याच्यासाठी झोपेची तपासणी असते, यंत्र लावून एक रात्र झोपवतात. आता काही ठिकाणी घरीही करता येते.

ओसरी

बापरे. माझे यजमान तंतोतंत असेच घोरतात. सिग्नलला गाडी थांबली की त्यांची मान खाली जाते. आम्ही सगळे आजवर त्यांना हसत होतो. कुणाला दाखवायचं? कान-नाक-घसावाले की छातीचे?

कडुनिंब

ताई, दोघांपैकी कुणाकडेही सुरुवात करा. छातीचे डॉक्टर तपासणी लिहून देतील, घशात टॉन्सिल किंवा नाकाचं हाड असेल तर ते कान-नाक-घशाकडे पाठवतील. जाताना एक करा: रात्री ते झोपलेले असताना फोनवर दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ काढून न्या. श्वास थांबतो तो भाग त्यात आला पाहिजे. आणि तपासणी होईपर्यंत त्यांना गाडी चालवू देऊ नका. रात्रीची दारू आणि झोपेची गोळी असेल तर तीही बंद, त्याने घसा आणखी सैल पडतो. गोळी रोजची असेल तर मात्र एकदम न सोडता डॉक्टरांना विचारून.

पारिजातक

डॉक्टर, मीही फेरिटिन करून घेतलं. ९ आलंय, हिमोग्लोबिन मात्र १२.१. आमच्या डॉक्टरांनी लोहाची गोळी दिलीय, पण ती घेतली की मळमळतं. दुधाबरोबर घेतली तर चालेल का?

कडुनिंब

दुधाबरोबर नको, चहाबरोबर नको, कॅल्शियमच्या गोळीबरोबर नको. लोह लागत नाही. मळमळत असेल तर थोडं काहीतरी खाऊन लिंबू सरबताबरोबर घ्या, किंवा रात्री झोपताना. तरी त्रास झाला तर एक दिवसाआड चालेल का ते तुमच्या डॉक्टरांना विचारा, बऱ्याच जणींना तेवढ्याने सोसतं. शौच काळी होते, घाबरू नका. आणि बरं वाटायला लागलं म्हणून मध्येच सोडू नका, साठा भरायला महिने लागतात. तीन महिन्यांनी परत तपासा. पाळीत जास्त जातं का, तेही त्यांना सांगा. गळती तिथे असेल तर नुसत्या गोळीने भागणार नाही.

पारिजातक

जास्त जातं, हो. सांगितलं नव्हतं त्यांना. उद्याच फोन करते.